धाराशिवमधील महिला माहिती केंद्रे

महिला माहिती केंद्र म्हणजे धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतील भूकंपग्रस्त पट्ट्यात गावच्या बायकांनी स्वतःसाठी उभी केलेली जागा. बचत गटाची बैठक, सरकारी योजनेचा अर्ज, ग्रामसभेत काय मागायचे याची तयारी ही कामे तोवर कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात उरकली जात. त्यांना हक्काचे छप्पर मिळाले ते या केंद्रांमुळे. मात्र इमारत सर्वांत शेवटी आली. आधी गावात आली ती माहिती, आणि ती जिच्या हाती होती ती बाई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना भूकंप झाला. लातूरच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात सास्तूर, होळी ही गावे जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे दगावली. जीव घेतला तो मुख्यतः घरांनी. या भागातली भिंत दोन-तीन फूट जाडीची, पण आतून पोकळ बांधणीची असे: बाहेरची रांग वेगळी, आतली वेगळी, मधे दगडगोटे आणि माती. वर माळवद, म्हणजे लाकडी सऱ्यांवर फूट-दीड फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हे छप्पर भिंत फाकताच झोपलेल्या माणसांवर आले.

राज्य सरकारने १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन हाती घेतले. पूर्ण पडलेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. बाकीच्या १,२०० हून अधिक गावांत पडझड झालेली घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हे काम ठेकेदाराकडे न देता घरमालकाकडेच सोपवले गेले. पैसा हप्त्यांनी मिळणार, गवंडी त्याने आणायचा, काम त्याने करून घ्यायचे. एवढ्या गावांत सरकार आणि कुटुंब यांच्यामधला दुवा सांभाळण्याची जबाबदारी स्वयम् शिक्षण प्रयोग या गटावर आली. प्रेमा गोपालन यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या स्पार्क संस्थेत तो सुरू केला होता, आणि पुढे १९९८ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली.

या कामासाठी गावोगाव ‘संवाद सहायक’ नेमले गेले, आणि त्यासाठी गावातल्याच बायका पुढे आणण्याचा आग्रह धरला गेला. हा निर्णय पुढच्या साऱ्या गोष्टींचे मूळ आहे. हप्त्याचा कागद पुरुषाच्या नावाने निघे, पण गवंडी कामावर असताना दिवसभर घरी असे ती बाई. भिंतीच्या दोन्ही रांगांना सांधणारा आरपार लांब दगड ठरल्या अंतरावर बसतोय का, कोपरे बांधले गेले का, दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कवेत घेणारी काँक्रीटची पट्टी सलग आहे का, माळवदावरची माती कमी केली का, हे पाहायला ती शिकली. गवंड्याला हटकू लागली. पुढचा हप्ता कधी, तो कुणाकडे अडला, अभियंता कोणत्या दिवशी येणार, हे जिला ठाऊक तिच्या दारात सगळे गाव येऊ लागले. चार भिंतींबाहेर न बोलणाऱ्या बाईचे गावातले स्थान अशा साध्या कारणाने बदलले.

नव्या वसाहतींनी एक वेगळीच अडचण उभी केली. जुन्या गावात वाडे एकमेकांना टेकलेले, गल्ल्या अरुंद, धुणे-पाणी एकत्र. नव्या गावात सरळ रुंद रस्ते, आखीव प्लॉट आणि घरापासून घर लांब. येता-जाता सहज चार बायका भेटाव्यात अशा जागाच नाहीशा झाल्या. आराखडा करताना बायकांना विचारले असते तर इतकी मोकळी आणि इतकी परकी गावे झाली नसती, असे म्हणायला जागा आहे.

१९९८ मध्ये दुरुस्तीचा कार्यक्रम आटोपला, तरी त्यातून एकत्र आलेल्या बायकांचे मंडळ मोडले नाही. त्याचे बचत गट झाले. मग बसायला जागा हवी झाली. काही गावांत पंचायतीने जमीन दिली, गटांनी वर्गणी आणि श्रम घातले आणि माहिती केंद्रे उभी राहिली. घर मजबूत कसे बांधायचे हे शिकलेल्या बायकांनी बांधकामही नीट पारखून घेतले. रेशन, अंगणवाडी, शाळा, पाणी, आरोग्य उपकेंद्र या साऱ्याची विचारणा तिथून होऊ लागली. पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी ७३ वी घटनादुरुस्तीही १९९३ चीच. महाराष्ट्रात २०११ मध्ये हे आरक्षण निम्म्यावर गेले. निवडून आलेल्या बाईच्या नावावर नवऱ्याने कारभार हाकावा हे इथेही घडले, पण जिथे पाठीशी गट होता तिथे ते तितके सोपे राहिले नाही.

आरोग्याच्या क्षेत्रातही असेच घडत होते. याच काळात तुळजापूर तालुक्यातील अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या, बहुधा कमी शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. आशा कार्यकर्ती ही सरकारी योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००५ मध्ये आली.

घरदुरुस्तीतून मिळालेली शिदोरी जिल्ह्याबाहेरही गेली. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर मराठवाड्यातल्या बायका कच्छमधल्या बायकांना घर बांधणीतले अनुभव सांगायला गेल्या. १९९९ मध्ये भूकंप सोसलेल्या तुर्कस्तानातील स्त्रियांशीही त्यांची देवाणघेवाण झाली.

पुढच्या दशकात संकटाचे रूप बदलले. २०१२ पासूनच्या लागोपाठ दुष्काळांत सोयाबीन आणि उसावर विसंबलेली घरे कोलमडली. गटांनी तेव्हा घरच्या शेतातला अर्धा ते एक एकर बाईच्या हाती मागितला. त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला, गांडूळखत, थोडे पाणी, आधी घरचे खाणे आणि उरले तर बाजार. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांनी ही पद्धत अनेक गावांत पोहोचवली. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार बांगड्या विकण्यापासून सुरुवात करून कुक्कुटपालनापर्यंत गेल्या आणि इतर बायकांनाही त्यांनी धंद्यात आणले. या कामासाठी २०१६ मध्ये स्वयम् शिक्षण प्रयोगला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मार्च २०२२ मध्ये प्रेमा गोपालन यांचे निधन झाले.

तीन दशकांनंतरही काही गाठी सुटलेल्या नाहीत. एक एकर कसायला मिळाला तरी सातबारावर नाव बहुधा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचेच असते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेला याचा फटका सर्वांत आधी बसतो. कळंब, वाशी, भूम भागातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, आणि गटाची बैठक व बचत तिथे सहा-सहा महिने खंडित होते. २०१८ मध्ये विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या केंद्र सरकारच्या ‘आकांक्षित जिल्हे’ यादीत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिमबरोबर या जिल्ह्याचे नाव आले. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. भूकंपानंतरच्या बायकांच्या पुढच्या पिढीने गटांचा कारभार हाती घेतला आहे, आणि आता तिची मागणी जमिनीच्या कागदावर नाव लागावे ही आहे.