आधी पैसे, मग बोलणे

वाण्याकडील उधारीची वही आणि रोकडीचा व्यवहार हे दोन्ही प्रकार आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. वहीवर माल आणणाऱ्याला महिनाअखेर किती रक्कम द्यावी लागेल याचा अंदाज क्वचितच असतो. रोख मोजणारा मात्र खिसा चाचपूनच जिन्नस मागतो. मोबाइल फोनच्या बाबतीत हाच भेद पोस्टपेड आणि प्रीपेड या नावांनी ओळखला जातो. आधी बोलून मागाहून बिल भरणे ही पहिली रीत. आधी पैसे भरून तेवढ्यापुरते बोलणे ही दुसरी. दुसऱ्या रीतीने पैसे वाचतात, असा सर्वसाधारण समज आहे. श्रोते हो, तो समज कितपत खरा आहे, आणि तो खरा ठरावा म्हणून ग्राहकाने काय करावयास हवे, याचा आज विचार करू.

आपल्या देशात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्या काळी एका मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात जाई आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. २००३ साली ही दुसरी आकारणी थांबली. तथापि अंतराचा भार राहिलाच. दूरसंचाराच्या सोयीसाठी देशाची जी मंडळे पाडलेली आहेत, त्यांत गोवा महाराष्ट्राच्या मंडळात आहे, बेळगाव कर्नाटकाच्या, इंदूर व ग्वाल्हेर मध्य प्रदेशाच्या, बडोदे गुजरातच्या आणि हैदराबाद आंध्राच्या. ज्यांची लेकीबाळींची घरे अशा सीमांच्या पलीकडे, त्यांना हे मंडळांचे कुंपण वर्षानुवर्षे महागात पडले. आज बहुतेक योजनांत देशभरचे बोलणे समाविष्ट असते. बेळगावहून कोल्हापूरला बोला की बडोद्याला, वेगळा आकार पडत नाही. अंतराचा हिशेब संपला आणि त्याच्या जागी दिवसांचा हिशेब आला. प्रीपेडमधील बचतीची किल्ली या दिवसांच्या हिशेबातच आहे.

पुष्कळ योजनांची मुदत २८ दिवसांची असते. आपण मात्र ती महिन्याची समजून चालतो. ३६५ दिवसांना २८ ने भागले म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात हे ध्यानात येते. समजा, एका रिचार्जला ३०० रुपये पडतात. तर वर्षाचा खर्च ३,६०० नसून ३,९०० रुपये होतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ साली प्रत्येक कंपनीला निदान एक योजना ३० दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतन करता येईल अशी ठेवावयास सांगितले, ते याच कारणाने. म्हणून कोणत्याही योजनेची किंमत पाहताना तिला दिवसांनी भागावे. दोन योजनांची तुलना दररोजच्या खर्चावरूनच नीट होते. लांब मुदतीची योजना बहुधा रोजच्या हिशेबाने स्वस्त पडते. पण वर्षाचे पैसे एकदम भरण्यापूर्वी आपल्या घरात त्या कंपनीचा आवाज नीट पोहोचतो किंवा नाही, हे पारखून घ्यावे. कारण मध्येच कंपनी बदलली, तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

दुसरा हिशेब कराचा. पोस्टपेडचे जे मासिक भाडे जाहीर होते, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर सामान्यतः वेगळा लागतो. ४०० रुपयांचे भाडे बिलात ४७२ रुपये होऊन येते. प्रीपेडच्या जाहीर किमतीत तो कर धरलेला असतो. दोहोंची तुलना करताना ही गोष्ट विसरल्यास गणित चुकते.

तिसरा हिशेब गरजेचा. रोज मिळणारा इंटरनेटचा डेटा आपण खरोखर वापरतो काय? घरात वाय-फाय असेल, तर दररोजचे दोन जीबी बव्हंशी वाया जातात, कारण न वापरलेला रोजचा कोटा सामान्यतः मध्यरात्रीस संपतो. ज्या वृद्धांचा फोन साधा, बटणांचा आहे, त्यांच्यासाठी डेटाचे पैसे भरणे म्हणजे न वाचणाऱ्याच्या घरी मासिकाची वर्गणी भरण्यासारखे आहे. नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व संदेश यांपुरत्या योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा विशेष योजनांची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढविली. दुकानदार त्या आपण होऊन पुढे करीलच असे नाही. नाव घेऊन मागाव्या लागतात.

आता बचतीची जी मर्यादा आहे, तिच्याकडे वळू. एकेकाळी ‘लाइफटाइम’ या नावाने सिम विकली गेली आणि रिचार्ज केला नाही तरी फोन येत राहतात, अशी अनेकांची समजूत झाली. २०१८ च्या अखेरीपासून ती स्थिती पालटली. मुदत संपून काही दिवस लोटले की येणारे फोनही बंद होऊ शकतात. पुढे सलग ९० दिवस क्रमांक वापरला गेला नाही, तर तो रद्द होण्याचा संभव असतो. मुख्य खात्यात २० रुपये शिल्लक असल्यास ते कापून क्रमांक आणखी ३० दिवस राखण्याची तरतूद नियामकाने २०१३ साली केली. पण ही शिल्लक वेगळी टॉप-अप करून ठेवावी लागते. योजनेसाठी भरलेले पैसे तिच्यात जमा होत नाहीत.

आज हा क्रमांक केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नाही. बँकेचा संदेश, पेन्शनची सूचना, गॅसच्या टाकीची नोंद, आधारची पडताळणी, सारे त्याच्याशी जोडलेले आहे. रद्द झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि मग आपल्या खात्याचे संदेश परक्याच्या हाती पडू शकतात. गावी एकट्या राहणाऱ्या आईचा फोन शंभर-दोनशे रुपयांसाठी बंद पडू देणे, याला काटकसर म्हणता येणार नाही. तिच्या रिचार्जची तारीख मुलांनी आपल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, हे उत्तम.

कंपनीच नको झाली, तर क्रमांक न बदलता ती सोडता येते. ही सोय २०११ पासून देशभर, आणि २०१५ पासून एका मंडळातून दुसऱ्या मंडळातही उपलब्ध आहे. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत व पुढे आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठविला, की एक संकेतांक येतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानी जावयाचे.

सारांश, प्रीपेड ही रीत आपल्याला खर्चाची लगाम देते, परंतु लगाम हाती धरण्याचे काम आपलेच असते. दिवसांनी भागणे, गरजेपुरते घेणे आणि क्रमांक जिवंत राखणे, या तीन गोष्टी ज्याने सांभाळल्या त्याचे पैसे वाचतील आणि त्याचा फोनही वाजत राहील.