कॅल्क्युलेटरच्या पिशवीतली अक्षरं

ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-२५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर १९७५ साली बाजारात आला. त्यात प्रोग्रॅमसाठी जागा होती अवघ्या ४९ पायऱ्यांची. पडद्यावर फक्त आकडे उमटत, आणि यादृच्छिक संख्या देणारं बटण तर नव्हतंच. तरीही शब्दखेळासाठी त्याच्याकडून अक्षरं काढून घेता येतात. कशी, ते सांगण्यात मला खरा आनंद आहे, कारण या छोट्याशा कामात गणित जितकं लागतं तितकीच भाषेची जाणही लागते.

आधी गणित. एचपीच्या कॅल्क्युलेटरांवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये त्या काळी एक सूत्र रूढ झालं होतं. शून्य आणि एक यांच्या दरम्यानचा, सहा दशांश स्थळांपर्यंतचा कुठलाही अपूर्णांक घ्या. त्याला ९८२१ ने गुणा, त्यात ०.२११३२७ मिळवा आणि पूर्णांकाचा भाग टाकून द्या. जे उरेल ती नवी संख्या. पुढच्या खेपेला तिच्यावरच पुन्हा हेच करायचं. ०.५ पासून निघालात तर ०.७११३२७ मिळतात, त्यानंतर ०.१५३७९४.

हे आकडे सहज सुचलेले नाहीत. चार अंकी संख्येला सहा अंकी संख्येनं गुणलं की उत्तर जास्तीत जास्त दहा अंकी येतं, आणि हा कॅल्क्युलेटर नेमके दहाच अंक सांभाळतो. त्यामुळे शेवटचा अंकसुद्धा कापला जात नाही. शिवाय ९८२१ मधून एक वजा केला की उरणाऱ्या ९८२० ला ४ नं आणि ५ नं भाग जातो, आणि २११३२७ ला २ नं किंवा ५ नं जात नाही. एवढ्या अटी पाळल्या की सहा दशांश स्थळांचे सगळेच्या सगळे दहा लाख अपूर्णांक एकेकदा येऊन गेल्याशिवाय मालिका पहिल्या संख्येवर परतत नाही. मला हे फार देखणं वाटतं.

आता मिळालेल्या अपूर्णांकाला २६ ने गुणायचं, पूर्णांक ठेवायचा, त्यात एक मिळवायचा. ०.७११३२७ चे होतात १९, म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांतलं एस. हे सगळं २३ पायऱ्यांत बसतं.

पण या प्रोग्रॅमवर खेळ रंगत नाही. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच. सव्वीसही अक्षरांना सारखीच संधी दिली तर सात अक्षरांच्या हातात एकही स्वर नसण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते. म्हणजे दर पाचेक डावांत एकदा खेळाडू नुसता बसून राहणार. क्यू आणि झेड मात्र ई इतक्याच वेळा दर्शन देणार.

याचं उत्तर कॅल्क्युलेटरच्या कितीतरी आधी सापडलं होतं. १९३० च्या दशकातल्या महामंदीत काम गमावलेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून काढली. त्या मोजणीवर बेतलेला त्यांचा खेळ पुढे १९४८ साली स्क्रॅबल या नावानं नोंदवला गेला. त्याच्या पिशवीत दोन कोऱ्या टाइल सोडल्या तर ९८ अक्षरं असतात: ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ; क्यू मात्र एकच. यांत ४२ स्वर. या पिशवीतून सात टाइल काढल्या तर एकही स्वर न येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी होते. बट्स यांनी मोजणीपुढे मान तुकवली असंही नाही. शेवटी एस जोडून अनेकवचनं फार सोपी होऊ नयेत म्हणून त्यांनी एस चारच ठेवले. अक्षरं काढण्याची खरी कारागिरी मला इथे दिसते. सूत्र कितीही चांगलं असलं तरी ते पिशवीत हात घालण्यापुरतंच.

म्हणून २६ ऐवजी ९८ ने गुणायचं. एक ते नऊ म्हणजे ए, अठरा ते एकोणतीस म्हणजे ई, असा तक्ता करायचा. एचपी-२५ मध्ये तो मावत नाही, तेव्हा कागदावर लिहून शेजारी ठेवायचा. आपला ०.७११३२७ आता सत्तराव्या टाइलवर जातो, आणि ती आहे नेमकी एकुलती एक क्यू.

ती निघाली की पिशवीतून गेली पाहिजे. कागदावर खोडता येतं, पण निम्मी पिशवी रिकामी झाल्यावर खोडलेलेच आकडे वारंवार येऊ लागतात. १९७९ च्या एचपी-४१सीच्या पडद्यावर अक्षरंही उमटत, आणि त्याच्याच एचपी-४१सीव्ही या भावंडात स्मृतीचे ३१९ कप्पे होते. तिथे एकेका कप्प्यात एकेक टाइल ठेवता येते. निवडलेल्या टाइलच्या जागी पिशवीतली शेवटची टाइल आणायची आणि ९८ चे ९७ करायचे, की काम झालं. पत्ते पिसण्याची ही रीत रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ साली संगणकासाठी मांडली.

सुरुवातीचा अपूर्णांक, म्हणजे बीज, एकच असेल तर अक्षरांची रांगही तीच येते. १९९६ च्या टीआय-८३ या कॅल्क्युलेटरची स्मृती पुसली की पहिली यादृच्छिक संख्या दरवेळी ०.९४३५९७४ पासूनच सुरू होणारी मिळते. एकट्यानं रोज खेळणाऱ्यानं बीज बदलत राहावं. उलट, दूर राहणाऱ्या दोघांनी ठरवून एकच बीज घातलं तर दोघांना तीच अक्षरं मिळतात आणि नशिबाचा वाटा जातो.

मराठीची पिशवी भरायची तर हिशेब वेगळा होतो. आपल्या व्यंजनात अ असतोच, म्हणून क, म, ळ एवढ्यावरही शब्द होतो. स्वरांचा दुष्काळ इथे पडत नाही. पण ३४ व्यंजनांना समान संधी दिली तर ङ आणि ञ हे र आणि त यांच्या बरोबरीनं येतील, म्हणजे मोजणी इथेही चुकत नाही. मी दोन पिशव्या करीन. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चाललेल्या ‘काउंटडाउन’ या दूरचित्रवाणी खेळात स्वरांचा आणि व्यंजनांचा गठ्ठा वेगळा असतो. तशी एक पिशवी व्यंजनांची, दुसरी काना-मात्रा-वेलांटीची. दुसऱ्या पिशवीत कोऱ्या टाइलही भरपूर हव्यात, कारण मराठीत कुठलंही चिन्ह न लागलेली अक्षरं पानोपानी भेटतात.