विमानातला मास्क आणि डोंबिवलीचा प्रवासी

महाराष्ट्रातला कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराचा पहिला रुग्ण ४ डिसेंबर २०२१ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीत सापडला. दक्षिण आफ्रिकेहून दुबई-दिल्लीमार्गे तो २४ नोव्हेंबरला मुंबईत उतरला होता. दिल्ली विमानतळावर तपासणीसाठी त्याचा नमुना घेतला गेला. पण अहवाल येण्याआधीच पुढचे विमान सुटले. खरी फट इथे होती. १ डिसेंबरपासून जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना अहवाल मिळेपर्यंत विमानतळावरच थांबणे सक्तीचे झाले. दिल्ली-मुंबई विमानातले या रुग्णाचे २५ सहप्रवासी तपासले, सारे निगेटिव्ह निघाले.

मास्कची सक्ती मात्र या रुग्णाच्या आधीपासूनच होती. टाळेबंदीनंतर देशांतर्गत विमाने २५ मे २०२० रोजी पुन्हा उडाली, तीच मास्कच्या सक्तीसह. मधल्या आसनावर बसणाऱ्याला अंगभर गाऊनही मिळे. मार्च २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) बजावले : मास्क नाकाखाली नको, वारंवार सांगूनही न ऐकणाऱ्याला उतरवा.

विमानातली फिरवली जाणारी हवा सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून गाळली जाते, मात्र शेजाऱ्याची शिंक त्याआधीच तुमच्यापर्यंत पोहोचते. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी विमानातली मास्कची सक्ती उठली. तरीही सर्दी-खोकला असेल, तर विमानात मास्क लावाच.