गाजर गवत, मेक्सिकन भुंगा आणि फझी लॉजिक

गाजर गवत आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पुणे येथे १९५५ साली त्याची नोंद झाली. त्यानंतर ते देशभर पसरले. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. खुरपणी करणाऱ्यांना त्यापासून त्वचेचे विकार व दम्याचा त्रास होतो. त्याच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतून १९८३ साली झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा बंगळूर येथे आणण्यात आला व १९८४ पासून सोडण्यात आला. भुंगे व अळ्या या गवताची पाने खातात. परंतु काही गावांत भुंगा चांगला टिकतो, तर काही ठिकाणी सोडूनही दिसेनासा होतो. तो कोठे टिकेल, याचा अंदाज बांधण्यास फझी लॉजिक म्हणजेच अंधुक तर्क उपयोगी पडतो.

अंधुक तर्क म्हणजे काय?

पावसानंतर जमीन ओली असते, पुढे वाफसा येतो, नंतर ती कोरडी होते. वाफसा नेमका कोणत्या क्षणी आला, हे सांगता येत नाही. तो हळूहळू येतो आणि हळूहळू जातो. 'आहे' किंवा 'नाही' अशी दोनच उत्तरे न देता ० ते १ यांमधील अंश द्यावा, हा विचार लोत्फी झादे यांनी १९६५ साली अमेरिकेतील बर्कले येथून मांडला. वनस्पती व कीटकांनाही हेच लागू पडते. एखाद्या जातीला पोषक प्रदेश कुंपण घातल्यासारखा एकाएकी संपत नाही.

अंश कसा काढतात?

प्रथम कोणत्या गावांत जात आढळली व कोठे नाही, याची नोंद घेतात. पाऊस, तापमान, जमीन यांच्याशी तिचा मेळ घालून संगणकावर प्रत्येक गावाची शक्यता काढतात. परंतु दुर्मिळ जातीची शक्यता सगळीकडेच कमी येते. म्हणून स्पेनमधील रायमुंडो रेआल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'अनुकूलता' काढण्याची रीत दिली. समजा, १०० पैकी २० गावांत भुंगा आढळला. ज्या गावात शक्यता ०.२० येते, तेथील अनुकूलता ०.५ धरली जाते. शक्यता ०.५० असेल तर अनुकूलता ०.८ येते. यामुळे सर्वत्र आढळणारी जात आणि दुर्मिळ जात यांची तुलना एकाच मापाने करता येते.

गवत व भुंगा यांचा एकत्र विचार

दोन्हींना जागा मानवते का, हे पाहताना दोन अंशांपैकी लहान अंश घ्यावा. समजा, 'अ' गावात गवताचा अंश ०.९ व भुंग्याचा ०.२ आहे, उत्तर ०.२. 'ब' गावात हे अंश ०.७ व ०.८ आहेत, उत्तर ०.७. भुंगे थोडेच मिळणार असतील तर ते 'ब' गावात सोडणे हिताचे. 'अ' गावात भुंग्यावर विसंबून राहू नये. तेथे फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून गवत मुळासकट उपटावे व पड जागेत टाकळ्याचे बी टाकावे.

याच पद्धतीने एका ठिकाणच्या अनेक जातींच्या अंशांची बेरीज केली असता, तेथे किती जाती नांदू शकतील म्हणजेच तेथील जैवविविधतेचा अंदाज येतो.

नोंद घेताना घ्यावयाची काळजी

१. 'आढळला नाही' ही नोंदही 'आढळला' इतकीच महत्त्वाची आहे. ती गाळू नये.

२. भुंगा पावसाळ्यात क्रियाशील असतो. कोरड्या दिवसांत तो जमिनीत सुप्त राहतो. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये दिसला नाही म्हणून तो गावात नाही, असे समजू नये. पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी.

३. गावाचे नाव, तारीख व जागा (बांध, पड, रस्त्याची कड) लिहून ठेवावी.

अनुकूलता ०.७ आली म्हणजे भुंगा हमखास टिकेलच असे नाही. जागा त्याला किती मानवते, एवढेच तो अंश सांगतो. मात्र हा अंश आपण दिलेल्या नोंदींवरूनच निघतो. नोंद चुकली तर संगणकाचे उत्तरही चुकते. तेव्हा येत्या पावसाळ्यात आपल्या शिवाराची पाहणी करून नोंद अवश्य ठेवावी.