वॉकीटॉकी, हॅम रेडिओ की नुसता मोबाईल? कॅम्प-ट्रेकवाल्यांनी पैसे कशात घालावेत



पावसाळा जवळ आला की आपल्या भागात एक खरेदी हमखास सुरू होते. कोणी पेठच्या किल्ल्यावर बॅच न्यायला लागतो, कोणी खांडसवरून भीमाशंकर, कोणी शेतावर चार तंबू टाकून कॅम्प चालू करतो. मग प्रश्न येतो वॉकीटॉकीचा. ऑनलाइन बघितलं तर दोन-तीन हजारांत सेट दिसतो, त्यावर पाच वॉट, आठ वॉट, दहा किलोमीटर रेंज असं लिहिलेलं. दुसरीकडे त्याच आकाराचा, कमी पॉवरचा सेट दुप्पट किमतीला. साहजिकच हात स्वस्ताकडे जातो.

आजचा लेख त्याआधी वाचा. कारण या खरेदीत किंमत आणि रेंज हे तिसरे-चौथे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा: तुम्ही या सेटवर काय बोलणार आहात? धंद्याचं बोलणार की छंदाचं? त्यावर कोणता सेट घ्यायचा हे ठरतं, आणि कायदाही त्यावरच ठरतो.

तीन जाती, दिसायला एकसारख्या

दुकानात टेबलावर तीन सेट ठेवले तर नवख्याला फरक कळणार नाही. काळी डबी, वर अँटेना, बाजूला बोलायचं बटण.

पहिली जात लायसन्स न लागणारी. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी छोटीशी पट्टी कमी पॉवरच्या वॉकीटॉकीसाठी मोकळी ठेवलेली आहे, २०१८ च्या नियमांनी. वापरणाऱ्याला परवाना लागत नाही, पण त्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता हवी. त्याला इटीए म्हणतात. हे सेट साधारण अर्ध्या वॉटचे असतात आणि अँटेना सहसा काढता येत नाही.

दुसरी जात धंद्याच्या परवान्याची. मोठी रिसॉर्ट, कारखाने, सिक्युरिटी कंपन्या वापरतात ती. डब्ल्यूपीसीकडे अर्ज करायचा, ते तुम्हाला ठरावीक फ्रिक्वेन्सी देतात, दरवर्षी त्याची फी भरायची. पाच माणसांच्या कॅम्पला हे झेपत नाही, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

तिसरी जात हॅम, म्हणजे हौशी रेडिओ. यात सेटला नाही, माणसाला परवाना मिळतो. परीक्षा द्यायची, पास झालं की स्वतःचा कॉलसाइन मिळतो. राजीव गांधींचा कॉलसाइन VU2RG होता, देवनागरीत सांगायचं तर व्हीयू-टू-आरजी. हॅमवाले १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर हातातल्या सेटने बोलतात, शिवाय लांबच्या अंतरासाठी त्यांच्याकडे शॉर्टवेव्हच्या पट्ट्या असतात.

आता गंमत बघा. ऑनलाइन दिसणारा तो स्वस्त चिनी सेट, उदाहरणार्थ बाओफेंग यूव्ही-५आर, हा मुळात तिसऱ्या जातीतला. १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ, सगळीकडे बोलतो. मधे पोलीस, अग्निशमन, इतर परवानाधारक सगळे येतात. परवाना नसलेल्याने तो चालवणं बेकायदेशीर आहे. आणि समजा तुम्ही परीक्षा देऊन हॅम झालात, तरी त्याच्यावर धंद्याचं बोलता येत नाही. हौशी रेडिओचा पहिला नियमच हा, की त्यातून आर्थिक फायदा घ्यायचा नाही. म्हणजे "खालच्या तंबूत चाळीस जणांचा चहा पाठव" हे वाक्य हॅम पट्टीवर बोललात तर तो नियमभंग, लायसन्स खिशात असलं तरी.

हे बरेच विक्रेते सांगत नाहीत. म्हणून तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या, आणि नंतर मार्गदर्शक सूचनाही आल्या: सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, इटीए आहे का, हे सगळं विक्रीच्या पानावर लिहायचं. ते लिहिलेलं नसेल तर पान बंद करा. एवढी एक सवय लावली तरी निम्मा घोळ टळतो.

रेंजचं गणित, डोंगरातलं

आता त्या "दहा किलोमीटर"चं बघू. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर सेट धरला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे रेडिओचं क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर येतं. दोन माणसं, दोन्हीकडे पाच-पाच, झाले दहा. पण हे कुठे? सपाट, उघड्या माळावर, मधे झाडसुद्धा नसताना. आपल्याकडे असा माळ दाखवा.

आपल्याकडे आहे काय, तर डोंगराच्या सोंडा, रान आणि पाऊस. आंबिवलीत उभा असलेला माणूस आणि पेठच्या माथ्यावरचा माणूस एकमेकांना दिसत असतील तर अर्ध्या वॉटचा सेटही छान बोलेल. तोच वरचा माणूस माथ्याच्या पलीकडच्या अंगाला गेला की पाच वॉटचा सेटही गप्प. मधे कातळ आला की विषय संपला.

पॉवर वाढवून किती फायदा होतो? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते. म्हणजे अर्ध्या वॉटवरून पाच वॉटवर गेलात, दहापट पॉवर, तर अंतर साधारण तिप्पट. आणि पाचवरून आठ वॉट? कानाला फरक जाणवेल न जाणवेल एवढाच. बॅटरी मात्र लवकर उतरते. आठ वॉटसाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे माझ्या मते निव्वळ स्टिकरचे पैसे.

पॉवरपेक्षा जागा कामाला येते. खांडसवरून भीमाशंकरला जाताना शिडी घाट आणि गणेश घाट अशा दोन वाटा आहेत. घळीत शिरलेल्या माणसाचा खालच्या माणसाशी थेट संपर्क होईलच असं नाही. पण मधल्या पदरावर, पदरवाडीच्या अंगाला, दोन्हीकडचं उघडं दिसेल अशा जागी एक लीडर थांबवला, तर तो वरचं ऐकून खाली सांगतो. याला महागडं मशीन लागत नाही, एक शहाणा माणूस आणि एक सेट लागतो. जागा मात्र बॅच नेण्याआधी दोघांनी जाऊन, सेट हातात घेऊन शोधायची. घरी बसून नकाशावर ठरवली तर फसगत होते.

मग धंद्यासाठी घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. ट्रेक, कॅम्प, फार्महाऊस, लग्नाचं मैदान, पार्किंग, यांतल्या छोट्या माणसाने ४४६ चे इटीएवालेच सेट घ्यावेत. आणि त्यांची तुलना करताना पुढच्या गोष्टी बघाव्यात.

सगळ्यात आधी पाणी. आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. आयपी५४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण, आयपी६७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात पडला तरी चालेल असं. जुलैत घाट चढणार असाल तर या एका आकड्यासाठी जास्त पैसे द्या, मी देईन. नुसत्या कोरड्या मैदानावरच्या कार्यक्रमांसाठी आयपी५४ पुरतं.

मग बॅटरी. काढता येणारी असेल तर उत्तम, जोडीला एकेक जादा घेऊन ठेवता येते. वाडीत मुक्काम असेल तर यूएसबीवर, म्हणजे पॉवर बँकवर, चार्ज होणारा सेट सोयीचा. स्वतःचाच वेगळा चार्जर स्टँड लागणारा सेट तिथे उपयोगाचा नाही.

"प्रायव्हसी कोड १२१" असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका. तो कोड फक्त दुसऱ्यांचा आवाज तुमच्या सेटवर येऊ देत नाही. तुमचं बोलणं मात्र त्या चॅनलवरचा कोणीही ऐकू शकतो. पाहुण्यांची नावं, पैशांचे हिशेब यावर बोलायचे नाहीत, हे टीमला आधी सांगून ठेवा.

खर्चाचा हिशेबही करून टाकू. समजा चाळीस जणांची बॅच, पाच लीडर, एक सेट जादा धरून सहा. एक सेट पाच हजारांचा धरला तर तीस हजार. सीझनला वीस बॅच झाल्या तर आठशे माणसं, डोई साडेसदतीस रुपये. दोन सीझन टिकले तर एकोणीसच्या आत. हा खर्च पॅकेजमध्ये उघडपणे घाला आणि ग्राहकाला सांगा. आई-बाप मुलांना पाठवतात तेव्हा "वर मोबाईलला रेंज नाही, पण लीडरकडे सेट आहेत" हे वाक्य डिस्काउंटपेक्षा जास्त काम करतं. पण मग सेट खरंच चार्ज केलेले पाहिजेत, हे सांगायला नको.

विकायचा विचार असेल तर तो वेगळा धंदा. परवाना लागणारी वायरलेस उपकरणं विकणाऱ्यालाही डीलरचं लायसन्स लागतं, अर्ज सरल संचार पोर्टलवर. मोबाईलच्या कव्हरसारखा हा माल लॅमिंग्टन रोडवरून पिशवीत आणून टांगायचा नसतो.

आणि हॅम?

तो धंद्याचा नाही म्हणून बिनकामाचा, असं समजू नका. जुलै २०२१ ला महाडमध्ये पूर आला तेव्हा वीज आणि मोबाईल दोन्ही गेले होते. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद या हॅम महिलेने आपल्या सेटवरून निरोप पोहोचवले. अंदमानात त्या हौशी रेडिओच्याच मोहिमेसाठी गेल्या होत्या. आपला कर्जत-खालापूरचा भाग दरडींचा आहे, इर्शाळवाडीपर्यंत तर १९ जुलै २०२३ च्या रात्री मदत चालत वर न्यावी लागली. अशा तालुक्यात दोन-चार हॅम असणं चांगलंच.

आवड असेल तर क्रम असा ठेवा: आधी परीक्षा, मग सेट. बारा वर्षांवरील कोणीही बसू शकतं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. परवाना हातात आल्यावर हातातला ड्युअल बँड सेट घ्या, तिथे तो स्वस्त बाओफेंगही शिकायला चालतो. यासूचा एफटी-६५आर जास्त मजबूत, आणि गर्दीच्या शहरात ऐकायला स्वच्छ.

शॉर्टवेव्हला गेलात की पैशांचा आकडा बदलतो. आयकॉम आयसी-७३०० मध्ये पडद्यावर अख्खी पट्टी दिसते, अँटेना जुळवणारा ट्यूनर आतच आहे, शंभर वॉट. किंमत लाखाच्या पुढे. यासूचा एफटी-८९१ तेवढ्याच पॉवरचा, लहान, गाडीत बसणारा, पण ट्यूनर आत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. स्वस्तातला तिसरा रस्ता आपल्या हैदराबादच्या अशर फरहान यांचा: त्यांनी आराखडा केलेला मायक्रोबिटएक्स. पॉवर दहा वॉटच्या आसपास, पण जोडणी करताना माणूस शिकतो.

सेटशिवाय तेरा-चौदा व्होल्टचा, वीसेक अँपियर देणारा पॉवर सप्लाय लागतो, चांगली कोॲक्स केबल लागते. नवखे सगळे पैसे सेटमध्ये घालतात आणि अँटेनाला काहीच उरत नाही. उलटं करा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी लागते काय, तर वीस मीटर तांब्याची तार, मधोमध तोडून केबल जोडलेली, दोन आंब्यांच्या झाडांमध्ये उंच ताणलेली. दहा वॉट आणि अशी तार, यावर दिवसा महाराष्ट्रभर बोलता येतं. वीज कडाडायला लागली की केबल सेटमधून काढून घराबाहेर ठेवायची, जून ते सप्टेंबर हे रोजचं काम समजा.

४४६ वाल्यांसाठी शेवटची गोष्ट. सहा सेट एकदम घेऊ नका. आधी जोडी घ्या, बिलावर मॉडेल नंबर आणि इटीए नंबर लिहून मागा, आणि पहिल्या जोरदार पावसात तुमच्या नेहमीच्या वाटेवर दोघं जाऊन कुठे आवाज तुटतो ते वहीत टिपा. उरलेले चार त्यानंतर.