मोजले पंधरा, हिशेबात पाच

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि पुढे सांगली जिल्ह्यात शिरते. डोंगरातून आलेल्या तिच्या पाण्यात क्षार थोडेच असतात. तरीही मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत नदीकाठच्या काही काळ्या जमिनींवर उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. असे का? उसाला वर्षानुवर्षे दिलेले जादा पाणी चिकण मातीतून निचरत नाही. भूजल वर चढते, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. जमीन क्षारपड होते, पीक हातचे जाते.

क्षारांत सोडियम वाढला की तो मातीच्या कणांना चिकटतो आणि जमीन चोपण होते. तिच्यात पाणी मुरत नाही. यावर उपाय म्हणून शेतकरी जिप्सम टाकतात. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. पण त्यासाठी जिप्सम आधी पाण्यात विरघळायला हवे. ते किती विरघळते, हे आपण शाळेतल्या रीतीने काढून पाहू.

जिप्समचा विद्राव्यता गुणाकार २५ अंश सेल्सियसला सुमारे ०.००००२६ आहे. कॅल्शियम आणि सल्फेट आयन सारख्याच संख्येने सुटतात, म्हणून याचे वर्गमूळ काढू. उत्तर येते लिटरमागे ५ मिलिमोल, म्हणजे सुमारे ०.९ ग्रॅम. प्रत्यक्षात मात्र शुद्ध पाण्यात १५ मिलिमोल, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम जिप्सम विरघळते. उत्तर तिपटीने चुकले! गणित बरोबर आहे. मग चूक कुठे झाली?

चूक आपल्या गृहीतकात आहे. प्रत्येक आयन पाण्यात एकटा, मोकळा फिरतो असे आपण धरले. पण आयनांवर विद्युत प्रभार असतात. कॅल्शियमच्या आसपास सल्फेट आयन सरासरीने थोडे अधिक असतात, सल्फेटच्या आसपास कॅल्शियम. जत्रेत ओळखीच्यांनी घेरलेल्या माणसाला हवे तिकडे जाता येत नाही, तशीच या आयनांची गत होते.

या विद्युत आकर्षणाचे गणित मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९१८ मध्ये कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी केला. द्रावणातले आयन स्फटिकासारख्या जाळीत मांडलेले असतात, अशी त्यांची कल्पना होती. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांनी जाळीऐवजी प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचा विरळ ढग असतो असे मानले. विरळ द्रावणांच्या बाबतीत हे चित्र प्रयोगांशी चांगले जुळले.

आता १५ मिलिमोलचा हिशेब लावू. त्यातले सुमारे ५ मिलिमोल कॅल्शियम आणि सल्फेट जोडीने बांधलेले असतात. अशा जोडीवर निव्वळ प्रभार नसतो. उरलेले १० मोकळे असतात, पण भोवतालच्या ढगामुळे त्यांचा प्रभाव निम्माच पडतो. दहाचे निम्मे पाच! विद्राव्यता गुणाकारात हेच पाच धरायचे असतात. या परिणामकारक प्रमाणाला आयनाची 'क्रियाशीलता' म्हणतात.

मिठाच्या तेवढ्याच, म्हणजे १० मिलिमोलच्या द्रावणात आयनांचा प्रभाव सुमारे ९० टक्के टिकतो. फरक पडतो तो प्रभारामुळे. आयनी सामर्थ्य काढताना प्रभाराचा वर्ग घेतात, म्हणून दुहेरी प्रभाराचा आयन एकेरी आयनाच्या चौपट मोजला जातो.

आयनांची ही ओढाताण माती परीक्षणाच्या अहवालातही दिसते. त्यातली 'ईसी' म्हणजे विद्युत वाहकता. लिटरला ०.१ मोल मिठाच्या द्रावणाची वाहकता, आयन अगदी मोकळे असते तर, १२.६ डेसिसायमन प्रति मीटर आली असती. ती येते १०.७. म्हणजे क्षार दुप्पट झाले तरी ईसी दुप्पट होत नाही. ईसीवरून लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार, याचा अंदाज करताना ५ पर्यंतच्या ईसीला ६४० ने आणि त्यापुढच्या ईसीला ८०० ने गुणतात. यामागे क्षारांचा प्रकार आहे, तशी ही ओढाताणही आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. दोन भांड्यांत एकेक लिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्या. एकात प्रयोगशाळेतले ५८ ग्रॅम सोडियम क्लोराइड विरघळवा. मग दोन्हींत ४ ग्रॅम बारीक जिप्सम टाका आणि दिवसभर अधूनमधून ढवळा. साध्या पाण्यात बराच गाळ उरेल, मिठाच्या पाण्यात जिप्सम विरघळून जाईल. सोडियम आणि क्लोराइड यांची गर्दी कॅल्शियम व सल्फेटचा प्रभाव आणखी कमी करते, म्हणून ते अधिक संख्येने द्रावणात मावतात. मिठाऐवजी थोडे सोडियम सल्फेट घेतले तर काय होईल? विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगा. तिथे सल्फेट आधीच हजर असल्याने जिप्सम उलट कमी विरघळेल.

म्हणजे खारट पाण्यात जिप्सम अधिक विरघळू शकते. मग शेतात जिप्सम टाकले की काम झाले का? नाही. कॅल्शियमने मातीवरून सोडवलेला सोडियम पाण्यात सल्फेटच्या सोबतीने तिथेच राहतो. त्याला शेताबाहेर काढायला चर किंवा जमिनीखालच्या सच्छिद्र नळ्यांची निचरा योजना लागते. सोडियम मोकळा करणे हे रसायनशास्त्राचे काम. त्याला वाट करून देणे आपले.