छकुली पेटीला धरून उभी राहिली



तुमच्या गटात एखादी ताई सारखी गैरहजर राहते का? बचत कोणाच्या तरी हाती पाठवून देते, पण स्वतः येत नाही? आमच्या गटात अशी एक ताई होती. चार बैठका झाल्या, ती आली नाही. नियमाप्रमाणे आम्ही दर बैठकीला दहा रुपये दंड लावला. कोणी म्हणालं, तिला गटाचं महत्त्व नाही. मग अध्यक्षताई तिच्या घरी गेल्या, तेव्हा कळलं. तिची मुलगी चौदा महिन्यांची झाली होती आणि अजून बसत नव्हती. पोरीला खाली ठेवलं की ती अंग ताठ करून मागे पडायची. दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, मुठी घट्ट मिटलेल्या. अशा लेकराला घेऊन चारचौघींत बसायची तिला लाज वाटायची.

तिचं खरं नाव इथे देत नाही, आपण तिला छकुली म्हणू. आज छकुली तीन वर्षांची आहे. तिच्यात काय बदल झाला आणि तो कशामुळे झाला, हे तुम्हाला सांगायचं आहे. कारण असं लेकरू तुमच्याही वाडीवर असू शकतं.

नेमकं झालं काय होतं?

छकुली साडेसातव्या महिन्यात जन्मली, वजन कमी होतं. घरातले म्हणायचे, "तिचा मामाही उशिराच चालला, चालेल हीपण." रोज तेल लावून रगडून मालिश चालू होती. पण फरक दिसेना. मग अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. हे पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं. त्यातल्या डॉक्टरांनी छकुलीला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. तिथे कळलं, तिला सेरेब्रल पाल्सी आहे.

म्हणजे काय, तर गर्भात असताना, बाळंतपणात किंवा जन्मानंतर लवकरच बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा होते. हातपाय धडधाकट असतात, पण त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाला दुखापत झालेली असते. म्हणून अंग ताठ होतं, किंवा ढिलं पडतं, किंवा तोल जातो. हा कोणाचा शाप नाही, ग्रहणात आईने काही चिरलं म्हणूनही होत नाही. आणि बुद्धी कमीच असेल असंही नाही. बऱ्याच मुलांना सगळं समजतं, फक्त अंग साथ देत नाही.

मेंदूची ही इजा पुढे वाढत नाही, पण पूर्ण भरूनही येत नाही. मग व्यायामाचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. उपयोग दोन आहेत. पहिला, लहानपणी मेंदू शिकायला फार तयार असतो. एखादी हालचाल मुलाने स्वतः पुन्हा पुन्हा केली, की मेंदू त्यासाठी दुसरी वाट तयार करू लागतो. दुसरा, मूल वाढतं तशी हाडं वाढतात, पण ताठ स्नायू तेवढे लांबत नाहीत. व्यायाम नसेल तर सांधे आखडतात. म्हणून पहिली पाच वर्षं मोलाची. उठणं-बसणं-चालणं यातली बरीचशी प्रगती याच वयात होते.

तीन आठवडे रोज थेरपी

सुरुवातीला ताई महिन्यातून दोनदा केंद्रात जायची. मग फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी सुचवलं, "तीन आठवडे सलग रोज आणा, घरी काय करायचं ते तुम्हीही नीट शिकाल." ताई जिल्ह्याच्या गावी मावशीकडे राहिली. तेव्हा छकुली वीस महिन्यांची होती.

ताईला वाटलं होतं, तिथे मशीन असेल, जोरात पाय ओढतील. तसं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "छकुलीला कोणती एक गोष्ट जमावी असं तुम्हाला वाटतं?" ताई म्हणाली, "तिने बसून स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा खावा." तेच काम ठरलं. छोट्या पाटावर बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, कमरेला धरायचं. समोर आवडीची वस्तू ठेवायची आणि ती उचलायला लावायची. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पडायला लागली की लगेच उचलायचं नाही, हात टेकवून सावरायला क्षणभर वेळ द्यायचा. हाताचा आधार हळूहळू कमी करायचा.

बघा, यात मुख्य गोष्ट ही आहे: मेहनत मुलाने करायची. आपण हातपाय हलवले, मालिश केली, तर अंग मोकळं होतं, बाळाला बरं वाटतं. पण बसणं शिकायला बसावंच लागतं, आणि खाणं शिकायला हात तोंडापर्यंत न्यावाच लागतो. आपण भाकरी थापायला बघून शिकलो का? शंभर वाकड्या भाकऱ्या झाल्या तेव्हा एक गोल झाली.

प्रगती कशी मोजायची?

तीन आठवड्यांनी ताई परत आली. शेजारणी म्हणाल्या, "एवढे दिवस राहिलीस, अजून चालत नाही का?" ताईचा चेहरा पडला. तेव्हा आमच्या सचिवताईंनी एक चांगलं काम केलं. गटाच्या हिशोबाची असते तशी एक वही छकुलीसाठी घातली. तारीख, काय जमलं, किती वेळ जमलं, किती आधार लागला. बस्स, एवढंच.

त्या वहीत असं दिसतं: थेरपीच्या आधी आधार सोडला की दोन-तीन सेकंदांत पडायची. तीन आठवड्यांनी पाटावर पाच मिनिटं बसली आणि मूठ उघडून भाकरीचा तुकडा धरला. अडीच महिन्यांनी तुकडा तोंडापर्यंत गेला. दोन वर्षांची झाली तेव्हा पोटावर सरपटायला लागली. मध्ये ताप आला, पंधरा दिवस व्यायाम सुटला, तेव्हा थोडी मागेही गेली. तेही वहीत आहे.

वही नसती तर ताईने सोडून दिलं असतं. अशा मुलांची तुलना शेजारच्या मुलाशी करायची नाही, त्याच मुलाच्या मागच्या महिन्याशी करायची. प्रत्येक मुलाची मजल वेगळी असते. काही मुलं चालतात, काही काठी किंवा वॉकर घेऊन चालतात, काहींना खुर्ची लागते. "महिन्यात पूर्ण बरं करतो" अशी हमी देऊन कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर कर्ज काढू नका. आधी सरकारी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा.

घरी काय करता येतं?

तीन आठवड्यांनी थेरपी संपत नाही, तिथून घरची सुरू होते. त्यासाठी वेगळे दोन तास काढायला आपल्याला कुठे मिळतात? म्हणून रोजच्या कामातच ती बसवायची.

- कडेवर घेताना मुलाचा एक पाय पुढे, एक मागे, असे फाकवून घ्या. कात्री होणाऱ्या पायांना हे चांगलं.
- आडवं पाडून भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवा.
- कपडे घालताना "हात दे" म्हणा आणि थांबा. त्याला हात उचलायला वेळ द्या.
- आत बसवून फिरवायचं गोल चाकाचं वॉकर वापरू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. मागून ढकलायचा पांगुळगाडासुद्धा फिजिओ ताईंना विचारूनच द्या.
- मूल दुखून रडत असेल तर जोर करू नका. झटके येत असतील तर डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणि हे एकट्या आईचं काम नाही. छकुलीच्या आजीला आणि वडिलांनाही केंद्रात बोलावून शिकवलं. आता संध्याकाळचं बसणं-खेळणं आजीकडे आहे.

कधी दाखवायचं?

चौथा महिना संपला तरी मान धरत नाही. नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही. वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसरी मूठ मिटलेली असते. अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतं. किंवा येत असलेली गोष्ट करेनासं होतं. यातलं एकही दिसलं तर आशाताईंना सांगा, वाट बघू नका. बाळ लवकर जन्मलं असेल तर महिने जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. पण शंका आली तर दाखवायला उशीर करू नका. दाखवून काही निघालं नाही तर एक फेरी वाया जाईल. न दाखवता काही असलं तर वर्षं वाया जातील.

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि थेरपी मोफत असते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. लहान मुलांना ते ठराविक मुदतीचं मिळू शकतं, तारीख बघून ठेवा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही धरतात.

गटाने काय करावं?

आम्ही काय केलं ते सांगते. दंड माफ केला आणि ठरावात लिहिलं, की आजारी किंवा दिव्यांग मुलाच्या उपचारामुळे गैरहजेरी असेल तर दंड नाही. प्रवासखर्चासाठी अंतर्गत कर्ज दिलं, परतफेडीचे हप्ते लहान ठेवले. ताई जिल्ह्याला होती तेव्हा तिच्या शेळ्या दोघींनी सांभाळल्या. आणि बैठक तिच्या ओसरीवर घ्यायला लागलो, म्हणजे तिला यावंच लागायचं नाही.

छकुली सव्वादोन वर्षांची असताना अशाच एका बैठकीत बचत मोजणं चाललं होतं. गटाची पत्र्याची पेटी मध्ये होती. नाण्यांचा आवाज ऐकून छकुली सरपटत आली, पेटीच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं, गुडघ्यावर आली आणि उभी राहिली. पाय थरथरत होते. आम्ही मोजायचं विसरलो. ताई मात्र रडत नव्हती, ती सचिवताईंना म्हणत होती, "आधी वही काढा, तारीख लिहा."

आता छकुली वॉकर धरून अंगणातून उंबऱ्यापर्यंत येते. उंबरा अजून ओलांडता येत नाही. तेच आता पुढचं काम आहे.

तुमच्या गटात सारखी गैरहजर राहणारी ताई असेल, तर पुढच्या बैठकीत दंड लिहायच्या आधी एकदा तिच्या घरी जाऊन या.